बाहीच्या आतला पिवळा रंग

बीजिंगच्या राजवाड्यात दोन भाऊ लपंडाव खेळत होते. थोरला दहा वर्षांचा, धाकटा त्याच्याहून चौदा महिन्यांनी लहान. दोघांची खरी ओळख तेव्हाच होत होती, कारण थोरल्याला घरातून उचलून नेलं तेव्हा धाकटा दीड वर्षाचा होता. पळापळीत धाकट्याच्या अंगरख्याची बाही वर सरकली आणि आतलं अस्तर दिसलं. थोरल्याचा चेहरा पालटला. हा कुठला रंग, तू हा कसा घालतोस, असं त्याने दरडावून विचारलं. धाकटा चाचरला. जर्दाळूचा रंग असेल, म्हणाला. खोटं बोलू नकोस, हा बादशहाचा पिवळा आहे, असं थोरल्याने बजावल्यावर पोरगं हात अंगाशी ताठ धरून ‘जी, जी’ करत उभं राहिलं.

हा प्रसंग थोरल्याने, म्हणजे चीनचा शेवटचा सम्राट पुयी याने, उतारवयात स्वतःच सांगून ठेवला आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुयीकडे माझं लक्ष गेलंच नाही. डोळ्यांपुढे राहिला तो हात ताठ धरून उभा असलेला धाकटा. त्याचं नाव पुजिये.

आमच्या घरी थोरल्याचा शर्ट धाकट्याच्या अंगावर यायचा आणि फाटला की त्याची पायपुसणी व्हायची. माझे बाबा भावंडांत धाकटे, कॉलेजात जाईपर्यंत त्यांनी नवा सदरा घातला नव्हता. त्यामुळे असेल, धाकट्या भावांच्या गोष्टी मला लगेच आपल्याशा वाटतात. पण इथे थोरल्याचं वापरलेलं मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचा रंगसुद्धा बाहीच्या आत चालत नव्हता. आणि हे कधी, तर १९१६ च्या सुमाराला. प्रजासत्ताक येऊन चार वर्षं झाली होती. बादशाही पिवळ्याची सत्ता राजवाड्याच्या भिंतीपुरतीच उरली होती. भिंतीच्या आत मात्र ती पुरेपूर होती, सख्ख्या भावावरसुद्धा.

पुजिये १९०७ च्या एप्रिलमध्ये बीजिंगला राजपुत्र छुन यांच्या वाड्यात जन्मला. घराण्याचं नाव आइशिन ज्योरो. मांचू भाषेत आइशिन म्हणजे सोनं. एका पिढीच्या सगळ्या भावांच्या नावात एक अक्षर सारखं असायचं, म्हणून दोघांच्याही नावात पहिला ‘पु’. वडील झायफेंग हे सम्राटाचे वडील म्हणून तीन वर्षं राज्याचा कारभार पाहत होते. १९११ च्या डिसेंबरात पद सोडावं लागलं तेव्हा ते घरी आले आणि आता मुलांना खेळवायला मोकळा झालो, असं म्हणाले म्हणे. बायको रडली. पुढे तिने पुजियेला सांगून ठेवलं की वडिलांसारखा बिनमहत्त्वाकांक्षेचा होऊ नकोस. आईच्या बाजूनेही माझा जीव तुटतो. तिचा एक मुलगा तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा सिंहासनासाठी नेला गेला आणि तिला तो कित्येक वर्षं दिसलाही नाही. १९२१ मध्ये राजवाड्यातल्या एका थोरल्या राणीने पुयीच्या वागण्यावरून तिला बोलावून घेतलं, गुडघ्यांवर बसवून खडे बोल सुनावले. ती मानी बाई घरी आली आणि अफू खाऊन तिने जीव दिला. पुजिये तेव्हा चौदा वर्षांचा होता. तरीही मला झायफेंगचंच वाक्य शहाणपणाचं वाटतं. त्या घराण्यात मुलांना खेळवायला मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. पुजियेला ते कळायला अर्धं आयुष्य जावं लागलं.

तोवर तो थोरल्याच्या मागेच होता. राजवाड्यात पुयीचा सहाध्यायी म्हणून तो रोज शिकायला जायचा आणि संध्याकाळी घरी परतायचा. पुयीच्या मनात बाहेर निसटायचं होतं, त्यासाठी पैसा हवा होता. मग ‘भावाला बक्षीस दिलं’ अशी नोंद करून रोज एक गाठोडं पुजियेच्या दप्तराबरोबर बाहेर जाऊ लागलं. आत काय, तर शतकानुशतकं जपलेली चित्रं, सुलेखनाच्या गुंडाळ्या, सुंग घराण्याच्या काळात छापलेली पुस्तकं. सहा महिन्यांहून जास्त काळ हे चाललं. हजारांवर चित्रगुंडाळ्या आणि दोनेकशे दुर्मीळ पुस्तकं एका शाळकरी पोराच्या काखोटीतून बाहेर पडली. पुढे ती त्यांच्याबरोबर त्येनचिन शहरात आणि तिथून चीनच्या ईशान्येला मांचुरियात गेली, आणि १९४५ च्या धामधुमीत लुटली गेली. चोरी म्हणावी तर मालकाची परवानगी होती, आणि मालक कोण म्हणावं तर ते सगळं देशाचं होतं. पुजियेने प्रश्न विचारला नाही. गाठोडं उचललं.

त्याचं पहिलं लग्नही वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं. १९२४ मध्ये झालं, जमलं नाही, मूलबाळ झालं नाही आणि मोडलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फंग युश्यांग या लष्करी सरदाराच्या सैन्याने पुयीला राजवाड्याबाहेर काढलं. १९२९ मध्ये पुजियेला जपानला शिकायला पाठवलं गेलं, आधी गाकुशुइन या सरदार-घराण्यांच्या शाळेत आणि मग लष्करी अकादमीत. १९३२ मध्ये जपानच्या क्वांतुंग सैन्याने मांचुरियात ‘मांचुक्वो’ नावाचं राज्य उभं केलं, पुयीला आधी त्याचा प्रमुख आणि १९३४ मध्ये सम्राट केलं. पुजिये त्या राज्याच्या सैन्यात अधिकारी झाला.

इथे मला थांबावंसं वाटतं. पुजियेविषयी मला माया वाटते म्हणून हे पान पटकन उलटणं बरोबर नाही. मांचुक्वोत शेतकऱ्यांच्या जमिनी जपानी वसाहतींसाठी काढून घेतल्या गेल्या. हार्बिनजवळ पिंगफांगला माणसांवर जिवंतपणी रोगजंतूंचे प्रयोग झाले. त्या राज्याचा गणवेश पुजियेच्या अंगावर होता. आज्ञाधारकपणाची सवय लहानपणी बाहीच्या अस्तरापासून लागली असेल, पण मोठेपणी माणूस काय उचलतो आणि कोणासाठी उचलतो याचा जाब त्याला द्यावाच लागतो. त्याला तो द्यावा लागला.

पुयीला मूल नव्हतं. मग जपानी सेनाधिकाऱ्यांनी नजर धाकट्याकडे वळवली. पुजियेला जपानी बायको करून द्यायची, मुलगा झाला की त्याला पुढे गादीवर बसवायचं, म्हणजे मांचुरियाचा सम्राट अर्धा जपानी रक्ताचा. योजना इतकी उघड होती की १ मार्च १९३७ ला गादीच्या वारशाचा कायदाच झाला. सम्राटाला मुलगा-नातू नसेल तर गादी भावाकडे आणि भावानंतर भावाच्या मुलाकडे. महिन्याभराने, ३ एप्रिलला, टोकियोत लग्न लागलं. मुलगी सागा या सरदार घराण्यातली, जपानी राजघराण्याशी नात्यातली. नाव हिरो. चित्रकला शिकणारी मुलगी होती. लग्नासाठी अनेक मुलींचे फोटो पुढे आले, त्यातून निवड झाली.

कांदेपोहे आपल्याकडेही होतात. पण इथे पाहुणे म्हणून अख्खं लष्कर बसलं होतं.

आणि या सगळ्यातून कोणाच्याही हिशेबात नव्हतं ते झालं. दोघांना एकमेकं आवडली. पहिले काही महिने ते टोकियोजवळ चिबा भागात, इनागेच्या समुद्रकाठच्या घरात राहिले. पुजिये तिथल्या पायदळाच्या शाळेत शिकत होता. ते घर चिबा शहराने आजही जपून ठेवलं आहे. त्याच उन्हाळ्यात, जुलै १९३७ मध्ये, जपान-चीन युद्ध पेटलं.

बाहेर एक देश दुसऱ्यावर तुटून पडला आहे आणि त्याच दोन देशांची दोन माणसं एका घरात संसार मांडताहेत, याचा विचार करताना मला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण येते. ते १९३८ मध्ये त्याच युद्धात चिनी सैनिकांवर उपचार करायला गेले, तिथल्या ग्वो छिंगलानशी त्यांनी लग्न केलं. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. कोटणीस युद्धाच्या ज्या बाजूला होते ती बरोबर होती, पुजियेची नव्हती. तरी दोन्ही घरांत दोन भाषांचं मूल होतं, आणि दोन्ही बापांना त्याचा सहवास फार लाभला नाही.

मांचुक्वोच्या राजधानीत, आजच्या छांगछुनमध्ये, हिरो सून म्हणून आली तेव्हा दिराने तिचं स्वागत कसं केलं? पुयीची खात्री होती की ती जपान्यांची हेर आहे आणि उद्या तिला मुलगा झाला की आपला काटा काढतील. भावासमोर मनातलं बोलायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं. भावजयीच्या घरून आलेला पदार्थ तो पुजियेने आधी तोंडात घातल्याशिवाय चाखायचा नाही, आणि मग घेतला तरी घासभरच. परक्या देशातून आलेल्या नव्या सुनेने हौसेने काही करून पाठवावं आणि समोरच्याने भावाच्या घशाकडे बघत बसावं! हिरोने काय केलं, तर ती दरबारी स्वयंपाक शिकली, जुन्या राजवाड्यातल्या आचाऱ्याकडून. पुढे तिने छिंग, म्हणजे पुयीच्या राजवंशाच्या, दरबारातल्या पदार्थांवर जपानीत पुस्तक लिहिलं. ज्या घराने तिच्या हातचं शंकेने खाल्लं, त्या घराची चव तिने अशी जपून ठेवली.

२६ फेब्रुवारी १९३८ ला मूल जन्मलं. मुलगी झाली. पुयीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि सेनाधिकाऱ्यांचा हिरमोड झाला. मुलगी झाल्याचा कुणाला आनंद आणि कुणाला दुःख होण्याची कारणं मी आयुष्यभर ऐकत आले आहे, पण इतकी विचित्र कुठे ऐकली नव्हती. तिचं नाव हुइशेंग ठेवलं. ‘हुइ’ म्हणजे बुद्धी. तीच अक्षरं जपानीत ‘एइसेइ’ अशी वाचतात. अक्षरं तीच, आजोळी एक हाक आणि वडिलांच्या घरी दुसरी. १९४० मध्ये दुसरी मुलगी झाली, हुशेंग.

थोरली शिक्षणासाठी जपानला आजी-आजोबांकडे राहिली. १९४५ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा मांचुरियात शिरल्या. पुयीने पुन्हा गादी सोडली, आणि शनयांगच्या विमानतळावर दोघे भाऊ पकडले गेले. हिरो आणि पाच वर्षांची हुशेंग मागे राहिल्या, पुयीच्या राणीसोबत. ती राणी, वानरोंग, अफूच्या व्यसनाने तोवर पार खंगली होती. पुढचे महिने या बायकांची फरपट झाली. थंडीतले डोंगर, तुरुंग, मालगाड्या. थुंगह्वा गावातल्या गोळीबारातून त्या वाचल्या. वानरोंग १९४६ च्या जूनमध्ये यानचीच्या तुरुंगात एकटीच गेली. हिरो मुलीला घेऊन १९४७ च्या जानेवारीत जपानला पोचली. नवरा कुठे आहे, आहे की नाही, काही कळत नव्हतं.

तो आधी सैबेरियात पाच वर्षं होता. १९५० मध्ये रशियाने सगळ्यांना चीनच्या ताब्यात दिलं आणि फुशुनच्या युद्धगुन्हेगारांच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली.

आता हुइशेंगविषयी. खरं तर मी हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला आहे. माझी मुलगी गेल्या श्रावणात एकोणीस वर्षांची झाली, आणि तेव्हापासून मला ही मुलगी सोडत नाही.

ती टोकियोत वाढत होती. वडिलांना तिने शेवटचं पाहिलं तेव्हा ती लहानगी शाळकरी पोर होती. आई सुलेखन शिकवून घर चालवत होती. चीन आणि जपान यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते, ते १९७२ मध्ये जुळले. वडिलांना पत्र पाठवायचं तर कोणत्या पत्त्यावर, आणि पोचवणार कोण? हुइशेंग स्वतःहून चिनी भाषा शिकत होती. १९५४ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना चिनी भाषेत पत्र लिहिलं. मागणं एवढंच होतं की माझ्या वडिलांशी पत्रव्यवहार करू द्या.

ते टेबल मला दिसतं. शाई, ओळींचा कागद, शब्दकोश उघडा. चिनी अक्षर लिहिताना एक रेघ चुकली तरी अर्थ पालटू शकतो, म्हणजे तिने कच्चं लिहिलं असणार, पुन्हा लिहिलं असणार, बोटाला शाई लागली असणार. आईला दाखवलं असेल का? वडिलांची भाषा ती वडिलांशिवाय शिकली आणि तिचा पहिला मोठा उपयोग तिने वडिलांपर्यंत पोचण्यासाठी केला. माझी मुलगी होस्टेलवरून ‘जेवले’ असा एक शब्द पाठवते आणि मी निवांत झोपते. फुशुनमधल्या त्या माणसाला नऊ वर्षं तो एक शब्दही मिळाला नव्हता.

चौ एन-लाय यांनी परवानगी दिली. पत्रं सुरू झाली. फोटो आले-गेले. आजवर पुजियेच्या आयुष्यात सगळे दरवाजे दुसऱ्यांनी त्यांच्या कामासाठी उघडले होते. थोरल्याने गाठोड्यासाठी, सैन्याने वारसासाठी. हा दरवाजा मात्र त्याच्या मुलीने उघडला, फक्त त्याच्यासाठी.

१९५६ मध्ये ती गाकुशुइन विद्यापीठात जपानी साहित्य शिकू लागली. ४ डिसेंबर १९५७ ला ती नाहीशी झाली. १० तारखेला जपानमधल्याच इझू द्वीपकल्पातल्या आमागी डोंगरावर ती आणि तिचा एक वर्गमित्र मृतावस्थेत सापडले. गोळ्या लागल्या होत्या. वर्तमानपत्रांनी त्याची प्रेमकथा करून टाकली. तिच्या आईने आणि घरच्यांनी ती शेवटपर्यंत मानली नाही. तो मुलगा तिला सोडत नव्हता, असंच त्यांचं म्हणणं राहिलं. मीही त्या कथेला प्रेमकथा म्हणणार नाही. एकोणीस वर्षांची मुलगी, हुशार, घराला धरून असलेली, जिने एका देशाच्या पंतप्रधानांना पत्र लिहायची हिंमत केली, ती डोंगरात मेली. ते मरण सुंदर करून सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.

बातमी फुशुनला पोचली तेव्हा पुजिये अजून कैदेत होता. मुलीच्या अंत्यविधीला जाणं दूरच, बायकोचा हात हातात घेणंही त्याला शक्य नव्हतं.

१९६० च्या नोव्हेंबरात त्याला माफी मिळाली. बीजिंगच्या चिंगशान बागेत त्याला काम दिलं. राजवाड्याच्या मागची ती टेकडी, जिच्यावरून सगळा राजवाडा दिसतो. आता प्रश्न होता हिरोला बोलवायचं का. पुयीचा विरोध होता. दिराचा जुना संशय वीस वर्षं आणि दोन तुरुंग पार करूनही तसाच होता. चौ एन-लाय यांनी १९६१ च्या वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, सुमाराला घरच्या मंडळींना जेवायला बोलावून समजूत घातली. पुजियेने या वेळी हात अंगाशी धरून मान डोलावली नाही. त्याला बायको हवी होती आणि त्याने ते सांगितलं.

मे १९६१ मध्ये हिरो हाँगकाँगवरून ग्वांगचौला आली. सोबत तिची आई होती, हुशेंग होती, आणि हिरोजवळ हुइशेंगच्या अस्थी होत्या. पुजिये स्टेशनवर उभा होता. १९४५ च्या ऑगस्टनंतर जवळजवळ सोळा वर्षांनी नवरा-बायको एकमेकांसमोर आली. लग्नानंतर आठ वर्षं एकत्र, मग सोळा वर्षं ताटातूट. काय बोलली असतील? मला वाटतं पहिल्यांदा काहीच नाही. तिने मुलीला त्याच्याकडे दिलं असेल. एवढंच.

जूनमध्ये चौ एन-लाय या सगळ्यांना भेटले. हुशेंगचं काय करायचं हा प्रश्न होता. आईवडिलांना ती जवळ हवी होती, तिला जपानला परतायचं होतं. जबरदस्ती करू नका, तिला जाऊ द्या, असा सल्ला त्यांनी दिला. आणि हुइशेंग धीट मुलगी होती म्हणत तिचा एक फोटो आठवण म्हणून मागून घेतला.

बीजिंगमध्ये हुगुओस रस्त्यावरच्या चौकाच्या घरात दोघांनी पुन्हा संसार मांडला. हिरोच्या नावाचं अक्षर आता चिनी पद्धतीने ‘हाओ’ वाचलं जाऊ लागलं. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्ड म्हणवणारी तरुण पोरं घरात घुसली, तेही दिवस काढले. पुयी १९६७ मध्ये गेला. पुजियेचं सुलेखन नावाजलं गेलं, बीजिंगच्या कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर त्याचं अक्षर होतं. लोकप्रतिनिधी म्हणून तो राष्ट्रीय लोकसभेतही बसला. मला या सगळ्यात रस कमी आहे. मला रस आहे तो हिरोची मूत्रपिंडं निकामी झाली त्या वर्षांत. पुजिये सत्तरीच्या पुढचा, आणि बायकोच्या दवाखान्याच्या खेपा करतोय. झायफेंगने १९११ मध्ये म्हटलं होतं तसा घरी परतलेला, घरच्या माणसाचं करायला मोकळा झालेला.

हिरो १९८७ च्या जूनमध्ये बीजिंगला वारली. पुजिये २८ फेब्रुवारी १९९४ ला.

जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाला शिमोनोसेकी नावाचं बंदर आहे. १८९५ मध्ये छिंग साम्राज्याला जपानपुढे हार मानून तह करावा लागला तो याच गावात. तिथे हिरोच्या माहेरच्या एका पूर्वजाचं देऊळ आहे, आणि त्याच्या आवारात १९८८ मध्ये आइशिन ज्योरो घराण्याचं छोटं देऊळ बांधलं गेलं. पुजिये आणि हिरोच्या अस्थींचा अर्धा भाग तिथे आहे, हुइशेंगसोबत. उरलेला अर्धा बीजिंगच्या पश्चिमेला मियाओफेंग डोंगरावर विखुरला.